पंपावर कार्ड घातलं की १७५ डॉलर का अडकतात, आणि ते अडकू नयेत म्हणून काय करायचं

गाडीत पेट्रोल भरलं ३१ डॉलर ४० सेंटचं आणि बँकेच्या ॲपमध्ये दिसतायत १७५ डॉलर. अमेरिकेत नव्याने आलेल्या अनेकांना हा धक्का बसतो. कुणाला वाटतं पंपवाल्याने फसवलं, कुणाला वाटतं कार्डाची माहिती चोरीला गेली, आणि कुणी घाबरून कार्डच ब्लॉक करून टाकतं. यातला शेवटचा उपाय सगळ्यात वाईट. नवीन कार्ड टपालाने येईपर्यंत दिवस जातात आणि अडकलेले पैसे तेवढ्याने काही लवकर सुटत नाहीत.

हे १७५ डॉलर कापलेले नसतात, रोखून धरलेले असतात. इथे याला ‘होल्ड’ म्हणतात. पण ‘घाबरू नका, येतील परत’ एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. ज्याच्या खात्यात हजारो डॉलर आहेत त्याला ते चालून जाईल. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीला अडीचशे डॉलर उरलेत, त्याच्या दृष्टीने रोखलेले पैसे आणि गेलेले पैसे यांत त्या दोन दिवसांपुरता काहीही फरक नसतो. भाडं, विजेचं बिल, फोनचं बिल हे सगळं ठरल्या तारखेला आपोआप वळतं होणार असतं, आणि ते होल्ड संपायची वाट बघत नाही. त्यामुळे नेमकं काय घडतं, कोणतं कार्ड कुठे वापरायचं आणि पैसे अडकलेच तर कुणाला फोन करायचा, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

पंप आणि बँक यांच्यात काय बोलणं होतं

आपल्याकडे पंपावर कामगार पेट्रोल सोडतो, मीटरवर आकडा येतो आणि मग तेवढाच आकडा मशीनवर टाकून कार्ड लागतं, किंवा आपण क्यूआर कोड स्कॅन करतो. रक्कम आधी ठरते, पैसे नंतर जातात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पंप स्वतःच चालवायचा असतो आणि क्रम उलटा असतो. आधी कार्ड, मग पेट्रोल. तुम्ही ८ डॉलरचं भरणार की ८० चं, हे कार्ड घालताना पंपाला माहीत नसतं. तुम्ही भरून निघून गेलात आणि खात्यात पैसेच नसले तर नुकसान पंपवाल्याचं. म्हणून नळी उघडण्याआधी पंप बँकेला विचारतो: या माणसाकडे एवढे पैसे आहेत का? असतील तर माझ्यासाठी बाजूला ठेव.

बँक हो म्हणते आणि तेवढी रक्कम अडकवते. तुम्ही पेट्रोल भरता. नळी जागेवर ठेवली की पंप दुसरा निरोप पाठवतो: खरी रक्कम ३१ डॉलर ४० सेंट. हा निरोप बँकेपर्यंत लगेच पोचला आणि बँकेच्या यंत्रणेने तो पहिल्या निरोपाशी नीट जुळवला, तर उरलेले पैसे काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत मोकळे होतात. जुळवणी झाली नाही, किंवा बँक त्या निरोपाकडे न बघता शेवटच्या हिशेबाची वाट बघत बसली, तर होल्ड दोन-तीन दिवस राहतो. मध्ये शनिवार-रविवार आणि सोमवारची सरकारी सुट्टी आली तर आणखी लांबतो.

ज्यांनी आयपीओसाठी अर्ज केला आहे त्यांना हा प्रकार नवा नाही. अर्ज केला की पैसे खात्यातच राहतात, त्यांवर व्याजही चालू राहतं, पण वाटप होईपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. पंपावरचा होल्ड तसाच. फरक एवढाच की आयपीओला किती पैसे अडकणार हे आपणच लिहून देतो. इथे तो आकडा दुसरे लोक ठरवतात आणि तुम्हाला विचारत नाहीत.

हा आकडा कोण ठरवतं? पंपवाला, कार्डाचं जाळं आणि तुमची बँक, तिघं मिळून. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी पंपासाठी कमाल मर्यादा घालून दिलेली असते. ती १२५ डॉलर होती. २०२२ मध्ये पेट्रोल भडकलं, मोठ्या गाड्यांची टाकी १२५ डॉलरमध्ये भरेना, तेव्हा ती १७५ डॉलर झाली. ही कमाल मर्यादा आहे. एखादा पंप ५० वर थांबतो, एखादा १०० वर, आणि बरेच जण सरळ १७५ लावतात.

काही पंप अजूनही जुन्या पद्धतीने फक्त १ डॉलरची चौकशी करतात. ॲपमध्ये १ डॉलर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या १ डॉलरच्या बदल्यात किती रक्कम अडकवायची हे अशा वेळी बँक स्वतः ठरवू शकते. म्हणूनच एकाच पंपावर, एकाच दिवशी, दोन मित्रांच्या दोन बँकांत दोन वेगळे आकडे दिसतात आणि दोघंही खरं सांगत असतात.

कोणत्या कार्डाला किती झळ

क्रेडिट कार्डावर होल्ड लागतो तो उधारीच्या मर्यादेवर. तुमचे स्वतःचे पैसे कुठेच अडकत नाहीत, होल्डवर व्याज लागत नाही आणि तो बिलातही येत नाही; बिलात येते ती फक्त खरी रक्कम. मर्यादा ५,००० डॉलर असेल तर १७५ तुमच्या लक्षातही येणार नाहीत. पण नवीन आलेल्या विद्यार्थ्याला असं कार्ड सहसा मिळत नाही. त्याला मिळतं ते अनामत ठेवून घेतलेलं ‘सिक्युअर्ड’ कार्ड. बँकेकडे २०० किंवा ३०० डॉलर ठेवायचे आणि तेवढीच मर्यादा मिळवायची. २०० च्या मर्यादेत १७५ चा होल्ड बसला की त्या कार्डावर पुढचे दोन दिवस कॉफी आणि डोनटपलीकडे काही मिळायचं नाही. अशा कार्डाने पंपाच्या मशीनवर पैसे देऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

डेबिट कार्डावर अडकतात ते तुमचे स्वतःचे पैसे. उदाहरण घेऊ. खात्यात २४० डॉलर आहेत. पंपाने १७५ रोखले, उरले ६५. रात्री विजेच्या बिलाचे ९० डॉलर आपोआप जाणार होते. खात्यात २४० असूनही ते परत जातात, कारण बँक बघते ती वापरायला मोकळी असलेली शिल्लक. वर वीज कंपनी उशिराचा दंड लावते आणि बँकही शुल्क लावू शकते. दुसऱ्या दिवशी पेट्रोलचे खरे ३१ डॉलर ४० सेंट वेगळे लागले आणि जुना होल्ड सुटलाच नाही, तर मोकळे राहतात फक्त ३३ डॉलर ६० सेंट. हीच ती वेळ, जेव्हा माणसाला वाटतं आपले पैसे दोनदा कापले. काही दिवसांत १७५ मोकळे होतात आणि खात्यात २०८ डॉलर ६० सेंट दिसतात, जे आधीपासून दिसायला हवे होते. पण बसलेला दंड आपोआप परत येत नाही. तो मागून घ्यावा लागतो. कसा, ते पुढे सांगतो.

फॉरेक्स कार्ड आणि दुकानातून विकत घेतलेली प्रीपेड कार्डं ही सगळ्यात नाजूक. त्यांत जेवढे भरले तेवढेच असतात, त्याखाली काही नाही. कार्डात १२० डॉलर असतील आणि पंपाने १७५ मागितले, तर एक तर कार्ड सरळ नाकारलं जातं, किंवा बँक ‘आहेत तेवढे घे’ असं कळवते आणि पंप तेवढ्यावर बंद पडतो. फॉरेक्स कार्डात ५०० डॉलर घेऊन रोड ट्रिपला निघालात आणि एकाच दिवसात दोन ठिकाणी पंपावर कार्ड घातलं, तर ३५० अडकून बसायची शक्यता आहे. रात्री मोटेलवाला पुन्हा आपला होल्ड लावणार तो वेगळाच.

पंपावर जायच्या आधी

१. गाडीसाठी एक कार्ड ठरवून टाका. ज्या खात्यातून भाडं आणि बिलं जातात त्या खात्याचं डेबिट कार्ड पंपाच्या मशीनला लावायचं नाही. बरी मर्यादा असलेलं क्रेडिट कार्ड असेल तर तेच पेट्रोलसाठी ठेवा. ते नसेल तर खाली सांगितल्याप्रमाणे आत जाऊन पैसे द्या.

२. बँकेच्या ॲपमध्ये दोन आकडे असतात: खात्यातली एकूण शिल्लक आणि वापरायला मोकळी शिल्लक. निर्णय नेहमी दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा. १७५ वजा करून जे उरेल त्यात पुढच्या तीन-चार दिवसांची ठरलेली बिलं भागतील का, हे डोक्यात मोजून बघा. भागत नसतील तर त्या दिवशी मशीनला कार्ड लावू नका.

३. भाड्याची गाडी असेल तर आधीच सावध राहा. भाड्याने गाडी देणारी कंपनी गाडी देतानाच काही शे डॉलरचा होल्ड लावते आणि तो गाडी परत केल्यावरच सुटतो. त्यावर पंपाचा होल्ड चढतो. गाडी परत करताना टाकी भरून द्यायची असते, म्हणून विमानतळाजवळच्या पंपावर आपण ८-१० डॉलरचं पेट्रोल टाकतो आणि त्या ८ डॉलरसाठी पुन्हा १७५ अडकतात. शेवटच्या दिवशी हातात पैसे मोकळे हवे असतात, नेमका तेव्हाच. ही शेवटची भर रोखीने करावी.

आत जाऊन पैसे द्यायची पद्धत

होल्ड टाळायचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे, आणि नवीन माणूस नेमका हाच टाळतो, कारण आत जाऊन काय बोलायचं ते माहीत नसतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडी लावली की पंपाचा नंबर बघा. तो खांबावर मोठ्या अक्षरात असतो. टाकी गाडीच्या कोणत्या बाजूला आहे हे इंधनाच्या काट्याशेजारी असलेल्या छोट्या बाणावरून कळतं. बाण डावीकडे असेल तर पंप डावीकडे घ्यायचा. मग किती लागेल याचा अंदाज करा. साध्या सेडान गाडीची टाकी साधारण १२ ते १५ गॅलनची असते आणि एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. काटा अर्ध्यावर आहे आणि टाकी १४ गॅलनची आहे असं धरा, म्हणजे ७ गॅलन लागतील. भाव गॅलनला सव्वातीन डॉलर धरला तर २२ डॉलर ७५ सेंट होतात. आत जाऊन २० सांगायचे. लागेल त्यापेक्षा थोडी कमी रक्कम सांगितली की ती पूर्ण वापरली जाते आणि परत यायचं काहीच उरत नाही.

काउंटरवर एवढंच म्हणायचं: ‘पंप नंबर सिक्स, ट्वेंटी डॉलर्स, रेग्युलर.’ कार्ड द्या किंवा नोट द्या. रेग्युलर म्हणजे ८७ आकड्याचं बटण. ८९ आणि ९१ किंवा ९३ ही महागडी पेट्रोलं बहुतेक साध्या गाड्यांना लागत नाहीत, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच घ्यायची. बाहेर येऊन नळी उचलायची, ८७ दाबायचं आणि भरायला लागायचं. २० डॉलर झाले की पंप आपोआप थांबतो.

आतही कार्डाने पैसे दिलेत तर होल्ड लागू शकतो, पण तो तुम्ही सांगितलेल्या रकमेचाच. ४० सांगितले आणि टाकीत ३४ चंच मावलं तर काही काळ ४० दिसतील आणि मग ३४ होतील. सहा डॉलर दोन दिवस अडकले तर कुणाचं बिल परत जात नाही. रोख ४० दिले असतील तर मात्र उरलेले सहा आत जाऊन मागायला विसरू नका. ते कुणी बाहेर आणून देत नाही. बऱ्याच पंपांच्या फलकावर रोख आणि क्रेडिट असे दोन भाव लावलेले असतात आणि रोखीचा भाव गॅलनमागे काही सेंटनी कमी असतो. त्यामुळे रोख देण्याचा हाही एक फायदा.

एक अडचण आहे. कॉस्टको या फक्त सदस्यांसाठी असलेल्या मोठ्या दुकानांच्या साखळीच्या पंपावर रोख चालत नाही आणि आत काउंटरही नाही. तिथे सदस्यत्वाचं कार्ड आणि पैशांचं कार्ड दोन्ही मशीनलाच लागतात. भाव स्वस्त असतो म्हणून रांगा लागतात, पण खात्यात कमी पैसे असतील त्या आठवड्यात दुसरा पंप गाठा.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. एडिसनच्या आसपास आपली पुष्कळ माणसं आहेत. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्यानुसार ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला मनाई आहे. तिथे कामगारच भरतो. त्यामुळे लोकांना वाटतं की आपल्याला होल्डची भानगड नाही. पण कामगार तुमचं कार्ड घेऊन त्याच पंपाच्या मशीनला लावतो, तेही पेट्रोल सोडायच्या आधी. होल्ड तिथेही लागतो. त्याला कार्ड न देता ‘ट्वेंटी डॉलर्स, रेग्युलर, कॅश’ म्हणून नोट दिली की प्रश्नच मिटतो.

मशीनलाच कार्ड लावायचं असेल तर

डेबिट कार्ड घातलं की पडद्यावर ‘डेबिट की क्रेडिट’ असा प्रश्न येतो. डेबिट निवडून पिन टाकलात तर हिशेब सहसा लवकर मिटतो आणि होल्ड लवकर सुटतो. क्रेडिट निवडलंत तर तेच कार्ड लांबच्या वाटेने जातं आणि पैसे जास्त वेळ अडकतात. हा नियम सगळ्या बँकांना सारखा लागू होत नाही, पण डेबिट कार्डच वापरायचं असेल तर पिनचा रस्ता बरा.

कार्ड एकदा चाललं नाही म्हणून तेच कार्ड पुन्हा पुन्हा घालू नका. बँकेने पहिल्यांदा हो म्हटलेलं असतं आणि निरोप पंपापर्यंत पोचलेला नसतो, असंही होतं. प्रत्येक खेपेला नवा होल्ड बसू शकतो. दुसऱ्यांदा नाही चाललं की सरळ आत जा. तसंच, कार्ड लावल्यावर विचार बदलला तर नुसतं गाडीत बसून निघून जाऊ नका. पडद्यावर रद्द करायचं बटण दाबा, नळी जागेवर नीट अडकवा आणि पडदा पहिल्या स्थितीत आल्याचं बघून मगच हला. पंपाने ‘शून्य’ असा निरोप पाठवला तरच होल्ड लवकर उतरतो.

शेवटी पावती हवी का विचारतात. हो म्हणा, दर वेळी. मशीनमधला कागद संपलेला असला की पडद्यावर ‘सी कॅशियर’ असं येतं. आत जाऊन पंपाचा नंबर सांगितला की पावती छापून देतात. पैसे अडकले तर हा चिटोराच तुमचा पुरावा आहे.

मोठी गाडी किंवा भाड्याचा ट्रक भरत असाल तर आणखी एक गोष्ट. होल्डची रक्कम संपली की पंप मध्येच थांबतो. टाकी भरली नसेल तर पुन्हा कार्ड लावावं लागतं, म्हणजे दुसरा होल्ड. घर बदलताना ट्रक घेतला असेल तर हे गृहीत धरूनच निघा.

भारतातलं कार्ड घेऊन आलेल्यांसाठी

पहिली अडचण झिप कोडची. पंप पाच आकडी झिप मागतो आणि आपला पिन कोड सहा आकडी. तो पंपाच्या मशीनवर बसतच नाही. कॅनडाच्या कार्डांना एक युक्ती चालते, पोस्टल कोडमधले तीन आकडे आणि पुढे दोन शून्यं. भारतीय कार्डांना असा ठरलेला मार्ग नाही. उगाच आकडे टाकत बसू नका, चुकीच्या प्रयत्नांनी बँक कार्ड थांबवू शकते. आत जा, काउंटरवर झिप सहसा विचारत नाहीत.

दुसरी, परदेशातला वापर चालू आहे का ते निघण्याआधी तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवीन दिलेली कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतात. परदेशातला वापर आणि त्याची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपणच चालू करायची असते. मर्यादा ठेवताना होल्ड धरून ठेवा. रोजची मर्यादा १५,००० रुपये ठेवली आणि १७५ डॉलरचा होल्ड आला, तर तो एकटाच ती ओलांडू शकतो.

तिसरी गोष्ट मेसेजची. मुलीकडे वडिलांच्या क्रेडिट कार्डाचं ॲड-ऑन कार्ड असतं. ती टेक्सासमध्ये संध्याकाळी सहाला पेट्रोल भरते तेव्हा साताऱ्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात आणि वडिलांच्या फोनवर मेसेज येतो: १७५ डॉलर खर्च झाले. मेसेजमध्ये ‘होल्ड’ हा शब्द नसतो. बँक खर्च म्हणूनच कळवते. ‘अगं, पावणेदोनशे डॉलरचं पेट्रोल भरलंस?’ असा फोन येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, फसवणूक समजून बाबा पहाटे बँकेला फोन करून कार्ड बंद करून टाकतात आणि मुलगी रस्त्यात अडकते. आईवडिलांना हे आधी सांगून ठेवा: पेट्रोलचा मेसेज मोठ्या आकड्याचा येईल, खरी रक्कम दोन-चार दिवसांनी दिसेल, मला विचारल्याशिवाय कार्ड बंद करू नका.

भारतीय डेबिट कार्डावर बऱ्याचदा नुसता होल्ड न राहता रक्कम खात्यातून वजा झालेलीच दिसते आणि फरक नंतर जमा होतो. त्यात चलनाचा हिशेब येतो. वजा होताना डॉलरचा भाव एक, जमा होताना दुसरा, त्यामुळे काही रुपयांचा फरक पडू शकतो. याशिवाय परदेशी चलनाचा आकार असतोच, तो खऱ्या रकमेवर लागायला हवा, १७५ वर नव्हे. स्टेटमेंटमध्ये हे तपासा. माझा सल्ला सरळ आहे: भारतातून आलेल्या आईवडिलांनी परदेशातल्या पंपाला डेबिट कार्ड लावू नये.

कॅनडा आणि ब्रिटन, थोडक्यात

कॅनडातही पद्धत तीच आणि तिथेही होल्ड शंभर-दोनशे डॉलरच्या घरात जातो. ब्रिटिश कोलंबियात आधी पैसे आणि मग पेट्रोल हा २००८ पासून कायदाच आहे. पैसे न देता पळून जाणारी गाडी अडवताना पंपावरच्या एका तरुण कामगाराचा जीव गेला, त्यानंतर तो झाला. अल्बर्टात तसा नियम २०१८ मध्ये आला. आधी पैसे मागतात म्हणजे आपल्यावर अविश्वास दाखवतात असं कुणी मनाला लावून घेऊ नये. त्यामागे काउंटरवर एकट्या बसलेल्या माणसाची सुरक्षितता आहे.

ब्रिटनमध्ये होल्ड लागतो तो मुख्यतः सुपरमार्केटांच्या ‘पे ॲट पंप’ मशीनवर. पूर्वी तिथे १ पाउंडाची चौकशी व्हायची, आता साधारण १०० पाउंड किंवा त्याहून थोडी जास्त रक्कम रोखली जाते. बहुतेक बँकांत ती लवकर सुटते. शिवाय तिथे दुसरा सोपा पर्याय असतो: बऱ्याच पंपांवर आधी भरायचं आणि मग आत जाऊन नेमके तेवढेच पैसे द्यायचे. जर्मनीतही बहुतेक ठिकाणी हीच पद्धत.

पैसे अडकलेच तर

पहिले २४ तास फक्त लक्ष ठेवा. ॲपमध्ये ‘पेंडिंग’ खाली जे दिसतं ते अजून पक्कं झालेलं नाही. खरी रक्कम ‘पोस्टेड’ झाल्यावरही जुना मोठा आकडा पेंडिंगमध्ये राहिला, तर फोन करायची वेळ झाली. बिल परत जाण्याची भीती असेल तर चोवीस तासही थांबू नका.

फोन आधी बँकेला करायचा, कार्डाच्या मागे नंबर असतो. पंपावर जाऊन भांडण्यात अर्थ नाही. काउंटरवरच्या माणसाच्या दृष्टीने व्यवहार ३१ डॉलर ४० सेंटला संपलेला असतो आणि होल्ड त्याच्या पडद्यावर दिसतही नाही. बँकेला सांगायचं ते असं: अमुक तारखेला अमुक पंपावर १७५ चा होल्ड लागला, खरी रक्कम ३१.४० ची पोस्ट झाली आहे, पावती माझ्याकडे आहे, जास्तीचा होल्ड काढून टाका. खरी रक्कम आधीच पोस्ट झाली असेल तर बऱ्याच बँका तिथल्या तिथे होल्ड काढतात. पोस्ट झाली नसेल तर त्यांना पंपाच्या बाजूकडून खात्री हवी असते. अशा वेळी होल्डचा मंजुरी क्रमांक बँकेकडून लिहून घ्या, पंपाच्या मॅनेजरला द्या आणि त्याला बँकेशी फोनवर जोडून द्या. ‘आम्ही काही करू शकत नाही’ असं पहिल्या माणसाने सांगितलं तर नम्रपणे वरच्याला जोडून द्यायला सांगा.

होल्डमुळे बिल परत गेलं आणि दंड बसला असेल तर तोही याच फोनवर मागा. खात्यात त्या क्षणी खरे पैसे होते, फक्त पंपाच्या होल्डमुळे ते वापरता आले नाहीत, हे तारखा आणि आकड्यांसकट सांगा. पहिल्यांदाच घडलं असेल तर शुल्क माफ होण्याची चांगली शक्यता असते. पण मागितल्याशिवाय नाही. वीज कंपनीलाही फोन करा.

होल्ड उतरण्याऐवजी १७५ च कायमचे पोस्ट झाले, तर मामला बदलला. आता ती चुकीची आकारणी आहे आणि लेखी तक्रार करायची आहे. अमेरिकन क्रेडिट कार्डासाठी पहिलं चुकीचं बिल पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं, तेव्हा थांबू नका. बँक ऐकत नसेल तर ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी घेणाऱ्या सीएफपीबी या केंद्रीय संस्थेकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

कार्ड भारतीय असेल तर तक्रार भारतातल्या बँकेकडेच. लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस संकेतस्थळावर विनाशुल्क दाद मागता येते. फसलेल्या व्यवहाराचे पैसे ठरल्या दिवसांत परत न आल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देणारा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. तो देशांतर्गत व्यवहारांसाठी आहे. परदेशातल्या पंपाच्या तक्रारीत त्याचा आधार घेतलात तर बँक तेवढ्याच मुद्द्यावर अर्ज बाजूला ठेवेल. त्याऐवजी पावतीचा फोटो, पहिल्या मेसेजची तारीख-वेळ, खरी रक्कम पोस्ट झाल्याचं स्टेटमेंट आणि बँकेशी झालेल्या प्रत्येक बोलण्याचा तक्रार क्रमांक, एवढं एका ईमेलमध्ये जोडून पाठवा.